अल्स्टर ते अ‍ॅपलाचिया: सरहद्दीवर नेऊन बसवलेली माणसं

रानवाटा

नमस्कार मंडळी,

अमेरिकन राज्यक्रांतीवर इथे बरंच लिहून झालंय, पण बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या पलीकडे फारसं कुणी गेलं नाही. त्या शहरांच्या मागे, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या कडेला जी माणसं राहत होती त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज त्यांना स्कॉट्स-आयरिश म्हणतात. शूर, तापट, कुणाचं न ऐकणारे, बंदूक आणि व्हिस्कीवर जीव असलेले, अशी त्यांची ठरीव ओळख. जणू हे सगळं रक्तातूनच आलं. मला ते अजिबात पटत नाही. या लोकांना दोन वेगळ्या भूमींत, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या सोयीसाठी, सरहद्दीवर नेऊन बसवलं गेलं आणि पुढचं बरंचसं त्यातून घडलं, असं माझं म्हणणं आहे.

पहिली वेळ आयर्लंडच्या उत्तरेची, म्हणजे अल्स्टरची. तिथले गेलिक, म्हणजे मूळचे आयरिश सरदार १६०७ साली देश सोडून गेले. राजा पहिल्या जेम्सने त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि १६१० च्या आसपास स्कॉटलंडच्या सखल भागातून व उत्तर इंग्लंडातून प्रॉटेस्टंट कुळं आणून तिथे वसवायला सुरुवात केली. बंडखोर कॅथलिक मुलखात राजाला भरवशाची वस्ती हवी होती. ज्यांची जमीन गेली ते आयरिश शेजारीच राहत होते. त्यामुळे १६४१ च्या उठावाचा घाव या वस्तीवर बसला आणि १६८९ मध्ये डेरी शहराच्या वेढ्यात तटावर उभे राहिले तेही हेच लोक.

एवढं करून पदरात काय पडलं? हे बहुतेक प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडचा प्रॉटेस्टंट पंथ), आणि राज्याचा धर्म अँग्लिकन (इंग्लंडच्या राजाचं चर्च). १७०४ च्या कायद्याने त्यांना सरकारी पदांची दारं बंद झाली. त्यांच्या पाळकाने लावलेलं लग्न कायद्याला मान्य नव्हतं. ज्या चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही त्या चर्चला उत्पन्नाचा दशांश मात्र द्यायचा. १६९९ मध्ये लोकरी कापडाच्या निर्यातीवर बंदी आली होतीच. त्यात १६८९ च्या त्या युद्धानंतर स्वस्तात दिलेले जमिनीचे दीर्घ करार १७१० नंतर संपू लागले. जमीनदारांनी खंड दुप्पट, कुठे त्याहूनही जास्त केला आणि जो जास्त बोली लावेल त्याला जमीन दिली. पन्नास-साठ वर्षं एकाच घराने कसलेलं शेत असं हातचं जाऊ लागलं.

१७१८ च्या उन्हाळ्यात पाच जहाजं बॉस्टनला लागली. त्याआधी रेव्हरंड विल्यम बॉइड यांच्या हाती मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरकडे एक अर्ज गेला होता. त्यावर ३१९ नावं आहेत आणि जेमतेम तेरा जणांनी सहीऐवजी खूण केलेली आहे. अडाणी रानटी म्हणून ज्यांची हेटाळणी झाली त्यांचा हा कागद! बॉस्टनच्या प्युरिटनांना मात्र हे पाहुणे नको होते. त्यांना उत्तरेच्या कडेला, आजच्या मेन आणि न्यू हॅम्पशायरकडे वाट दाखवली गेली. तिथे त्यांनी नटफील्ड नावाचं गाव वसवलं आणि पुढे त्याचं नाव लंडनडेरी (डेरीचंच दुसरं नाव) ठेवलं.

तिकडची बातमी घरी पोचल्यावर पुढच्यांनी पेनसिल्व्हेनियाची वाट धरली, आणि इथून दुसरी वेळ सुरू होते. वसाहतीचा सचिव होता जेम्स लोगन, स्वतः अल्स्टरमध्येच जन्मलेला क्वेकर. पेनसिल्व्हेनियाचे क्वेकर शस्त्राला हात न लावणारे, म्हणून कडेला कुणीतरी लढणारं हवं. डेरी ज्यांनी लढवली तेच लोक इथे बसवावेत, असा विचार त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. १७२० च्या सुमारास सस्क्वेहाना नदीकाठी त्यांना जागा दिली. त्या वस्तीचं नावही अल्स्टरमधल्याच एका परगण्याचं, डॉनेगॉल. पुढे हाच लोगन तक्रार करू लागला की आयर्लंडच्या उत्तरेकडची पाच कुटुंबं मला इतर पन्नास जणांपेक्षा जास्त त्रास देतात. परवानगी न घेता जमीन धरल्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळे, की इतके ख्रिस्ती लोक भाकरीसाठी जमीन शोधत असताना एवढी जमीन पडीक ठेवणं हे देवाच्या आणि निसर्गाच्या नियमाविरुद्ध आहे.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय. ती जमीन पडीक नव्हती. लेनापे, शॉनी, कोनेस्टोगा या मूलनिवासी लोकांची शिकारीची रानं आणि मक्याची शेतं होती ती. जमिनीवरून हाकललेल्या माणसाने दुसऱ्याला जमिनीवरून हाकलताना दिलेलं हे कारण आहे.

तिथून लोंढा दक्षिणेला वळला. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क, मग शेनंडोआचं खोरं, रोआनोक आणि तिथून कॅरोलिनांच्या आतल्या भागात. याला ग्रेट वॅगन रोड म्हणत, पण सुरुवातीला ती मूलनिवासींची पायवाटच होती. १७७५ पर्यंत अल्स्टरहून किती माणसं आली याचे अंदाज एक लाखापासून अडीच लाखांपर्यंत जातात. तुमचं काय मत? आणि कुणी त्या भागात राहत असेल तर जरूर लिहा.

---

मेधा_शार्लट

रानवाटा, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी या रस्त्याच्या दक्षिण टोकाजवळ राहते. आपल्यापैकी अनेक जण पेनसिल्व्हेनियाहून नॉर्थ कॅरोलिनाला जाताना आंतरराज्य महामार्ग ८१ ने जातात. शेनंडोआमधला तो बराचसा भाग म्हणजे जुन्या वॅगन रोडचीच दिशा.

इथे शुगॉ क्रीक, होपवेल, रॉकी रिव्हर अशा क्रांतीच्या आधीपासूनच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या अजून चालू आहेत. या लोकांच्या धर्मजीवनातली एक वस्तू मला फार बोलकी वाटते. प्रभुभोजनाचा विधी वर्षातून एक-दोनदाच, पण चार-चार दिवस चालायचा. आधी पाळक आणि वडीलमंडळी घरोघरच्या माणसांची परीक्षा घेत. धर्माची प्रश्नोत्तरं येतात का, वागणूक नीट आहे का, कुणाशी वैर उरलंय का. जो उतरेल त्याला शिशाचा एक छोटा तुकडा मिळे, नखाएवढा, त्यावर मंडळीच्या नावाचं आद्याक्षर. तो दाखवल्याशिवाय मेजावर बसता येत नसे. ज्या रानात कोर्ट नाही, पोलीस नाही, तिथे शेजाऱ्याशी समेट केला की नाही हे विचारणारी एवढीच एक व्यवस्था होती.

आणि शिक्षण. पाळक शिकलेलाच हवा, ग्रीक-लॅटिन येणारा, हा त्यांचा हट्ट. विल्यम टेनंट यांनी पेनसिल्व्हेनियात ओंडक्यांच्या घरात शाळा चालवली. लोक तिला लॉग कॉलेज म्हणत. १७४६ मध्ये जे कॉलेज निघालं आणि पुढे प्रिन्स्टन झालं, त्यामागे याच शाळेच्या परंपरेतली माणसं होती. पण या हट्टापायी पाळक कमी पडले. डोंगरात वस्ती वाढत गेली, शिकलेला पाळक काही येईना, आणि बॅप्टिस्ट व मेथडिस्ट प्रचारक घोड्यावर बसून पोचले. आज अ‍ॅपलाचियात स्कॉट्स-आयरिश वंशाचे बॅप्टिस्ट इतके का, याचं हे एक मोठं कारण.

---

गोविंदपंत

लेख उत्तम. पण रानवाटा, तुम्ही परिस्थितीला फारच झुकतं माप देताय. रक्ताचं मीही म्हणत नाही, पण रीत म्हणून काही असतेच की. यांचे पूर्वज स्कॉटलंड-इंग्लंड सीमेवरचे. तिथे तीनशे वर्षं गुरं पळवणं, सूड घेणं आणि राजाच्या माणसावर विश्वास न ठेवणं हे रोजचं जगणं होतं. अल्स्टरला जाण्याआधीच ती सवय अंगात मुरलेली.

चार्ल्स वुडमेसन नावाचा अँग्लिकन पाद्री १७६० च्या दशकात साउथ कॅरोलिनाच्या आतल्या भागात फिरत होता. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. तो उपासना चालवत असताना प्रेस्बिटेरियनांनी बाहेर कुत्री झुंजवली, आणि ती सत्तावन्न होती, मोजली, असं तो लिहितो. त्याचा पूर्वग्रह सोडून द्या. पण शेजारीच राहणारे जर्मन त्याच सरहद्दीवर, त्याच हल्ल्यांच्या छायेत होते. त्यांच्याबद्दल अशा तक्रारी इतक्या का येत नाहीत? सरहद्दच कारण असेल तर दोघांवर सारखाच परिणाम दिसायला हवा होता.

---

रानवाटा

गोविंदपंत, प्रश्न रास्त आहे. जर्मन बरेचसे आतल्या बाजूला चुनखडीच्या सुपीक जमिनींवर बसले आणि टिकून राहिले. अल्स्टरचे लोक बहुतांशी त्यांच्या पुढे, कडेवर. शिवाय कागद नसलेली जमीन. झऱ्याच्या तोंडाशी दोन-चार झाडांची साल गोल सोलून ती वाळवायची, एका खोडावर आपली आद्याक्षरं कोरायची. याला टोमहॉक (लहान कुऱ्हाड) हक्क म्हणत. कायद्याने त्याला शून्य किंमत, पण शेजारी तो मानत आणि चक्क विकत घेत. अशा जमिनीत दगडी कोठार बांधायला कोण पैसा घालेल? चार वर्षांत हाकलतील हे गृहीत धरूनच ओंडक्यांचं घर उभं राहायचं. ते घर बांधायची रीतही त्यांनी आधी आलेल्या स्वीडिश, फिनिश आणि जर्मन लोकांकडून उचलली, मका मूलनिवासींकडून, लांब नळीची रायफल लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांकडून. जे लोक दहा वर्षांत एवढं बदलले, ते तीनशे वर्षांची सवय मात्र जशीच्या तशी घेऊन आले हे मला अवघड वाटतं.

---

अनुजा_देव

सगळं वाचलं. लेख आवडला, पण पॅक्स्टनचा उल्लेख कुणीच करत नाही हे मला खटकतंय. मग मीच लिहिते.

१७६३ साली पाँटिअ‍ॅकच्या, म्हणजे मूलनिवासींनी इंग्रजांविरुद्ध पुकारलेल्या युद्धात सरहद्दीवरची घरं जळत होती, हे खरं. त्याच वेळी लँकेस्टरजवळ कोनेस्टोगा लोकांची एक लहानशी वस्ती होती. एकूण वीस माणसं. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याने करार करून त्यांना ती जागा दिलेली. ते ख्रिस्ती शेजाऱ्यांत राहत आणि केरसुण्या व टोपल्या विणून गावात विकत. त्यांच्यात शेहाएस नावाचे एक वृद्ध होते, पेनशी १७०१ मध्ये झालेल्या कराराला हजर असलेले. धोका आहे असं त्यांना कुणी सांगितलं तेव्हा इंग्रज आपल्याला त्यांच्या पांघरुणात घेतील असं ते म्हणाले. बेंजामिन फ्रँकलिनने हे लिहून ठेवलंय.

१४ डिसेंबरला पॅक्स्टन भागातल्या घोडेस्वारांनी वस्तीवर हल्ला करून सहा जणांना मारलं. त्यात शेहाएसही होते. घरं जाळली. बाकीचे चौदा तेव्हा बाहेर गेले होते म्हणून वाचले. त्यांना लँकेस्टरच्या बंदिशाळेत संरक्षणासाठी ठेवलं. २७ डिसेंबरला, ख्रिसमसच्या दोन दिवसांनी, तीच टोळी भरदिवसा शहरात आली, दार फोडलं आणि चौदाच्या चौदा जणांना मारलं. त्यात लहान मुलं होती. गव्हर्नरने बक्षीस जाहीर केलं, एकही माणूस साक्ष द्यायला पुढे आला नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही. आज त्या जागी फुल्टन थिएटर उभं आहे.

मारणारे बहुतेक अल्स्टरचे. सरहद्दीवर नेऊन बसवलं म्हणून हे घडलं, असं म्हणून मला पुढे जाता येत नाही.

---

रानवाटा

अनुजाताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आणि तपशिलाने लिहिलंत ते अधिक बरं. त्यापुढचं एवढंच जोडतो. फेब्रुवारी १७६४ मध्ये हे लोक फिलाडेल्फियावर चालून गेले. तिथल्या बराकींत आश्रय घेतलेले सुमारे १४० ख्रिस्ती झालेले मूलनिवासी त्यांना हवे होते. जर्मनटाउनला फ्रँकलिन आणि इतरांनी बोलणी करून त्यांना थांबवलं. तेव्हा त्यांनी एक तक्रारपत्र दिलं. त्यातली मुख्य तक्रार अशी की जुन्या तीन परगण्यांना विधानसभेत २६ जागा, आणि सरहद्दीच्या पाच परगण्यांना मिळून दहा.

ही तक्रार शंभर टक्के खरी होती. आणि ती घेऊन जाणाऱ्यांनी जे केलं होतं ते खूनच होते. शेहाएस यांनी कुणाचंही घर जाळलं नव्हतं. विधानसभेतले श्रीमंत क्वेकर त्यांच्या हाती लागणारे नव्हते, केरसुण्या विकणारा म्हातारा हाताशी होता. मी कारण शोधतोय ते कुणाला सोडवण्यासाठी नाही.

---

जवसाची_चटणी

माझं गाव विदर्भात, सध्या मुक्काम पिट्सबर्गजवळ. नाव बघून कळलंच असेल की मला या गोष्टीत जवस शोधायचा होता, आणि तो सापडला!

अल्स्टरचा मोठा धंदा लिननचा. लिनन निघतं जवसाच्या खोडाच्या धाग्यातून. धागा मऊ आणि बारीक हवा असेल तर रोप हिरवट असतानाच उपटावं लागतं. तसं केलं की बी पिकत नाही. म्हणजे दर वर्षी पेरणीला बाहेरून बी आणणं आलं. ते अमेरिकेतून यायचं. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून जहाजं जवसाची पिंपं भरून हिवाळ्यात निघायची, पेरणीआधी डेरी, न्यूरी, बेलफास्टला पोचायची. परतताना जहाज रिकामं नेणं परवडत नसे. मग माणसं भरायची. ज्यांच्याकडे भाड्याचे पैसे नसत ते करारावर सही करत आणि तिकडे उतरल्यावर चार-पाच वर्षं ज्याने करार विकत घेतला त्याच्याकडे राबत. आज पिट्सबर्गच्या परिसरात जी जुनी नावं दिसतात त्यांपैकी कितीतरींचे पूर्वज जवसाच्या जहाजातूनच आले असणार.

व्हिस्कीचंही तेच. लोक म्हणतात पिण्याचा शौक म्हणून यांनी दारूवरच्या कराविरुद्ध बंड केलं. हिशेब बघा. डोंगरापलीकडून पूर्वेला माल न्यायचा तर ओझ्याचं घोडं. त्यावर राय नावाचं धान्य चार बुशेल (धान्याचं माप) जाई. त्याच रायची दारू गाळली तर एका घोड्यावर चोवीस बुशेलांचा ऐवज जाई. रोख पैसा तिथे नव्हताच. दारूच चलन होती, मजुरीसुद्धा दारूत द्यायचे. १७९१ मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने कर लावला तो रोखीत. मोठ्या भट्टीवाल्यांना एकरकमी भरायची सोय असल्याने दर गॅलनला कमी पडायचा, लहान शेतकऱ्याला पुरा पडायचा. खटला झाला तर तीनशे मैलांवर फिलाडेल्फियाला हजर व्हायचं, म्हणजे त्या वर्षीचं पीक गेलंच. १७९४ मध्ये वॉशिंग्टनने जवळपास तेरा हजारांची फौज पाठवली. दोघांना फाशीची शिक्षा झाली, दोघांना त्यानेच माफ केलं. कर १८०२ मध्ये रद्द झाला.

---

इतिहासाचा_भोई

क्रांतियुद्धातला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस याचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. १७८० मध्ये त्याची फौज कॅरोलिनांत होती. त्याचा सेनानी पॅट्रिक फर्ग्युसन, जो स्वतः स्कॉटिश, त्याने डोंगरापलीकडच्या वस्त्यांना निरोप धाडला की विरोध थांबवा, नाहीतर डोंगर ओलांडून येईन, पुढाऱ्यांना फासावर देईन आणि मुलूख जाळीन. ते वाट बघत बसले नाहीत. सिकामोर शोल्सला जमले, पाळक सॅम्युअल डोक यांनी प्रार्थना केली आणि उलट तेच डोंगर ओलांडून आले. ७ ऑक्टोबरला किंग्ज माउंटनवर तासाभरात फर्ग्युसन मेला आणि त्याची फौज संपली. फर्ग्युसन सोडला तर दोन्ही बाजूंचे जवळपास सगळे अमेरिकनच होते. हे विसरलं जातं.

हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल. १७९२ मध्ये संपलेल्या टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने होते. आणि १७९८ मध्ये त्याला आयर्लंडला धाडलं, तेव्हा तिथे अल्स्टरच्या प्रेस्बिटेरियनांनी कॅथलिकांच्या बरोबरीने राज्याविरुद्ध उठाव केला होता. गोविंदपंत, कॅथलिकांशी जुनं वैर असलेलेच हे लोक. तुमच्या सवयीच्या सिद्धांतात हे कसं बसवायचं?

---

गोविंदपंत

भोईबुवा, १७९८ चा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर विचार करतो. पण पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनला धरून माझं म्हणणं पुढे नेतो. आईवडील अल्स्टरमधल्या कॅरिकफर्गसहून आलेले, जन्म १७६७ चा, वॅक्सहॉजला. वडील जन्माआधीच गेले. क्रांतियुद्धात दोन्ही भाऊ गेले, आई कैद्यांची शुश्रूषा करताना तापाने गेली. ब्रिटिश अधिकाऱ्याचे बूट पुसायला नकार दिला म्हणून त्या पोराच्या डोक्यावर तलवारीचा वार. चौदाव्या वर्षी एकटा. मोठेपणी १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकी या मूलनिवासी जमातीचे योद्धे त्याच्या बाजूने लढले. आणि १८३० मध्ये मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही त्याचीच. त्यात चेरोकीही गेले, हजारो वाटेत मेले. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष होता, कडेवरचा माणूस उरला नव्हता. परिस्थितीचं कारण तिथे कसं लावणार?

---

अनुजा_देव

गोविंदपंतांशी सहमत. मला मात्र एका बाईबद्दल सांगायचंय, कारण इतका वेळ सगळे पुरुषच बोलताहेत.

मेरी जेमिसन. आईवडील आयर्लंडहून निघाले आणि ही १७४३ च्या सुमारास जहाजावरच जन्मली. पेनसिल्व्हेनियात मार्श क्रीकजवळ शेत. फ्रेंचांशी युद्ध चालू असताना शॉनी आणि फ्रेंच टोळीने घरातल्यांना पकडून नेलं. रात्री एकाने तिचे बूट-मोजे काढले आणि पायात मोकॅसिन (मूलनिवासींचे मऊ चामडी जोडे) चढवली. आई समजली की ही वाचणार, आपण नाही. आईने तिला सांगितलं, प्रार्थना विसरू नकोस, आपली भाषा विसरू नकोस. दुसऱ्या दिवशी तिने आईचे लाल केस ओळखले, आणि ते कुठे ओळखले ते मी लिहीत नाही.

सेनेका या मूलनिवासी जमातीतल्या दोन बहिणींनी युद्धात गेलेल्या आपल्या भावाच्या जागी तिला घेतलं. तिने तिथेच लग्नं केली, मुलं वाढवली. परत जायची मोकळीक मिळाली तेव्हा ती गेली नाही. सगे भेटले तरी माझ्या मुलांना तुच्छ लेखतील, असं तिने सांगितलंय. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या फौजेने सेनेकांची गावं आणि शेतं जाळली. ती मुलांना घेऊन निघाली आणि गुलामीतून पळून आलेल्या दोन काळ्या माणसांच्या शेतात मका सोलायच्या कामावर राहिली. त्यावर तो हिवाळा निघाला. सरहद्द म्हटलं की मला किंग्ज माउंटनच्या आधी ते शेत आठवतं.

---

मेधा_शार्लट

अनुजा, मेरीबद्दल माहीत नव्हतं. वाचून सुन्न झाले.

रानवाटा, तुम्ही खंड आणि कुळांपासून सुरुवात केलीत म्हणून इथली एक गोष्ट सांगते. जॅक्सन जन्मला त्या वॅक्सहॉजला लागूनच कटॉबा या मूलनिवासी लोकांचा मुलूख. १७६३ च्या करारात त्यांच्यासाठी पंधरा मैल लांब-रुंद चौरस राखून ठेवला. रोगराईने त्यांची संख्या फार घटलेली, तेव्हा त्यांनी ती जमीन वस्तीवाल्यांना खंडाने द्यायला सुरुवात केली. नव्याण्णव वर्षांचे करार, दर वर्षी ठरलेला खंड, तोही कधी रोख, कधी घोडा किंवा कापड. म्हणजे अल्स्टरच्या जमीनदाराला कंटाळून आलेल्यांची नातवंडं इथे पुन्हा कुळं झाली, आणि या वेळी जमीनदार होते कटॉबा. बहुतेक सगळा मुलूख असा खंडाने गेला.

शेवटी या कुळांना मालकी हवी झाली. १८४० मध्ये नेशन फोर्डच्या करारात साउथ कॅरोलिनाने सगळी जमीन कटॉबांकडून घेतली. बदल्यात दुसरी जागा आणि पैसे देण्याचं वचन होतं, ते नीट पाळलं गेलं नाही. तो वाद दीडशे वर्षं चालला आणि १९९३ मध्ये पाच कोटी डॉलरवर मिटला. रॉक हिलजवळ त्यांची वस्ती आहे, शार्लटहून गाडीने तासाभराच्या आत. नदीकाठच्या मातीची भांडी ते चाक न वापरता अजून हाताने घडवतात. तिथलं सांस्कृतिक केंद्र बघायला जायचं ठरतंय. या भागातलं कुणी येणार असेल तर निरोप पाठवा.